मदत हवी आहे: गोड खात नाही, जाड नाही, घरात कोणाला नाही, तरी शुगर ११८ कशी काय?

काजवा
ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये शुगर ११८ आलीये आणि त्या आकड्याभोवती लाल गोल केलाय. डोकंच फिरलं बघून. गोड मी खात नाही, वजन ५४ किलो, आईबाबा दोघांनाही शुगर नाही, मग मलाच का? डॉक्टर म्हणाले लाइफस्टाइल सुधारा, आणि पुढच्याला आत बोलावलं. नक्की काय सुधारू? प्लीज लवकर सांगा, आणि गुगल करा म्हणू नका, ते करूनच ही अवस्था झालीये.

उंटावरचा_शहाणा
फास्टिंग की जेवणानंतरची? जेवणानंतरची असेल तर धागा बंद करा आणि निवांत झोपा. फास्टिंग असेल तर १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसचा उंबरठा, १२६ पासून पुढे डायबेटिस, तेही पुन्हा तपासून खात्री झाली तर. वय, उंची, एचबीएवनसी (सरासरी साखरेची टेस्ट) काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

काजवा
फास्टिंगच असणार ना, सकाळी ७ ला रक्त घेतलं. वय ३६, उंची ५ फूट २. एचबीएवनसी ६.१ लिहिलंय.

निमाताई
"असणार ना" म्हणजे काय गं? शेवटचं कधी खाल्लं होतंस?

काजवा
अडीचला जेवले. मग एक कॉफी.

निमाताई
दुपारी अडीचला??

काजवा
रात्री अडीचला हो. नाइट शिफ्ट आहे माझी, सहा वर्षं झाली. सहाला सुटले आणि खालीच कॅम्प लागला होता, म्हटलं आलेच आहे तर देऊन टाकू.

उंटावरचा_शहाणा
मग विषयच संपला की! फास्टिंगला निदान ८ तास पोटात काही नको, पाणी सोडून. तुमचे साडेचारही धड झाले नाहीत, वर कॉफी. ते ११८ कचऱ्यात टाका.

खवचट_काका
११८ टाका, ६.१ चं काय करणार? एचबीएवनसीला उपाशी असावं लागत नाही, दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो त्यात. ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस. उगाच धीर देऊ नका हो लोकांना.

पावलोपावली
मी एकच सांगेन, प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालायचं. स्नायू हलले की रक्तातली साखर ते इन्सुलिनशिवायसुद्धा ओढून घेतात. माझा एचबीएवनसी ६.३ वरून ५.८ वर आला, औषध शून्य. घड्याळात रोज आठ हजार पावलं दिसलीच पाहिजेत.

उंटावरचा_शहाणा
ते घड्याळ दात घासतानाही पावलं मोजतं.

पावलोपावली
स्वस्तातलं घेतलं की मोजणारच. माझं नाही मोजत.

शेपटीवाला_उंदीर
इन्सुलिन फ्रीजरमध्ये ठेवू नका बरं का, गोठलं की वाया जातं. खालच्या कप्प्यात ठेवा.

काजवा
मला इन्सुलिन दिलेलं नाहीये!! कोणी मूळ प्रश्न वाचतंय का? जाड नाही, गोड नाही, घरात नाही, मग का?

आकडेमोड
ताई, "जाड नाही" हे वजनकाट्यावर ठरत नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२ च्या आत येतो, ठीकच आहे, पण टेप लावून कंबर मोजा, बाईसाठी ८० सेंमी आणि पुरुषासाठी ९० च्या वर गेली की आपल्याकडच्या शरीरांत धोका धरतात. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला होता, पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२. ही चरबी पोटात आणि लिव्हरमध्ये साठली की इन्सुलिनचं काम अडतं. हातपाय बारीक आणि पोट पुढे, असा आपल्यातला निम्मा गोतावळा असेल.

काजवा
८६ भरली. डिलिव्हरीनंतर पोट कमीच नाही झालं. आणि कॉफीत साखर असते एक चमचा, ती धरायची का? रात्री चार-पाच होतात.

खवचट_काका
नाही, कॉफीतली साखर माफ असते.

निमाताई
काका पुरे. काजवा, बाळाच्या वेळी शुगर वाढली होती का?

काजवा
हो थोडी, सातव्या महिन्यात. पण डिलिव्हरीनंतर नॉर्मल आली, ९ वर्षं झाली त्याला. त्याचा काय संबंध?

निमाताई
अगं हेच आधी सांगायचं ना! ज्यांना गरोदरपणात शुगर होते त्यांना पुढे टाइप २ डायबेटिस होण्याची शक्यता इतरांच्या सात ते दहा पट असते. नंतर नॉर्मल आली तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासायचं असतं. मलाही कोणी सांगितलं नव्हतं, चाळिशीला कळलं ते थेट गोळ्यांसकट.

काजवा
मला वाटलं ते बाळासोबत संपलं.

धुरंधर
सिगारेट ओढता का? मी सोडली आणि आठ किलो वाढलो, शुगरही वाढली. ओढत होतो तेव्हाच बरा होतो.

आकडेमोड
दादा, हे असलं लिहू नका. ओढणाऱ्यांना टाइप २ चा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा ३० ते ४० टक्के जास्त असतो. सोडल्यावर वजन वाढतं हे खरं, पण त्यावर उपाय परत पेटवणं हा नाही.

पावलोपावली
चाला म्हणजे दोन्ही सुटेल.

मध्यरात्रीचा_चहा
मी अकरा वर्षं रात्रपाळी केली म्हणून लिहितोय. तेवढंच जेवण रात्री जेवलं तर शुगर दिवसापेक्षा जास्त चढते, शरीर तेव्हा झोपायच्या तयारीत असतं. वर दिवसाची झोप चार-पाच तासांची, तुकड्यातुकड्यात. सगळे लाइफस्टाइल लाइफस्टाइल करतायत, पण ही स्टाइल तिने दुकानात निवडून आणली का? शिफ्ट बदलून मागितली तर भत्ता जातो, कधी नोकरीही. मुलगा शाळेतून आला की आई जागी पाहिजेच. डॉक्टरांच्या फॉर्मवर सिगारेट-दारूचे रकाने असतात, रात्रपाळीचा मी अजून बघितला नाही. ताई, एवढं जमतंय का बघा, मोठं जेवण शिफ्टच्या आधी, रात्री अगदी हलकं, आणि कॉफी पहिल्या अर्ध्या रात्रीतच.

काजवा
थँक्यू, कोणीतरी समजून लिहिलं. मुलगा तीनला येतो, तेव्हा उठावंच लागतं. हिमोग्लोबिन पण ९.६ आलंय, पण त्याला लाल गोल नव्हता म्हणून लिहिलं नाही.

खवचट_काका
थांबा थांबा, हे महत्त्वाचं आहे. हिमोग्लोबिन लोहाअभावी कमी असेल तर एचबीएवनसी खरा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणजे ६.१ वरही डोळे मिटून विश्वास नको. शहाणे, अर्धा मुद्दा तुमचा.

उंटावरचा_शहाणा
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

निमाताई
मग सरळ ग्लुकोज पिऊन करायची टेस्ट करायला सांग डॉक्टरांना, आधी उपाशीपोटी रक्त आणि ७५ ग्रॅम पिऊन दोन तासांनी परत. दुसरा आकडा १४० च्या आत आला तर नॉर्मल, २०० पासून पुढे डायबेटिस. बाळाच्या वेळचं आवर्जून सांग. आणि हिमोग्लोबिन का कमी आहे तेही विचार.

काजवा
ते गोड पाणी परत? गरोदरपणात उलटी झाली होती मला.

निमाताई
एका दमात नको, पाच मिनिटांत संपव. उलटी झाली तर टेस्ट बाद, दुसऱ्या दिवशी परत. मधले दोन तास बसून राहायचं, चालायचं नाही.

पावलोपावली
बसून??

निमाताई
हो, बसून. आणि काजवा, आधीचे तीन दिवस डाएट करू नकोस, नेहमीसारखं जेव, आणि आदल्या रात्री ड्यूटी नको.

काजवा
सोमवारी सुट्टी आहे पण रविवारी रात्री ड्यूटी आहे. मंगळवारची रजा मागते मग, सोमवारी रात्री झोपून जाईन. कारण काय लिहू अर्जात?

मध्यरात्रीचा_चहा
तब्येत एवढंच लिहा. शुगर लिहू नका, उगाच सगळ्या फ्लोअरवर होईल.