नैराश्य मोजायच्या पीएचक्यू-९ फॉर्मचा स्कोअर १५ वरून ९ वर आला, मग समुपदेशनाचा फायदा झाला असं लिहू का?

मनवा_एमए२:
नमस्कार मंडळी, एमए कौन्सेलिंगचं शेवटचं वर्ष, डिझर्टेशन चालू आहे. तालुक्याच्या एका दवाखान्यात आलेल्या २२ बायकांना मराठीतला पीएचक्यू-९ दिला (नऊ प्रश्न, स्कोअर जास्त तितकं नैराश्य जास्त), मग सहा सेशन्स, मग परत तोच फॉर्म. सरासरी १५ वरून ९. पेअर्ड टी-टेस्ट (आधीच्या-नंतरच्या स्कोअरची तुलना) सिग्निफिकंट आली म्हणून उड्या मारत गाईडकडे गेले तर मॅडम एवढंच म्हणाल्या, "कंट्रोल ग्रुप कुठंय?" महिन्यावर सबमिशन आलंय, आता कुठून आणू? आणि एक मावशी थकव्याच्या प्रश्नाला अडल्या, "बाई, कांदा काढायला जाते, थकवा रोजचाच, त्याला काय लिहायचं?" मीच 'जवळजवळ रोज' वर टिक केली. चुकलं का?

आकडेमोड्या:
मॅडम बरोबर आहेत गं, समुपदेशन न मिळालेला तुलनेचा गटच तुझ्याकडे नाही. माणूस दवाखान्याची पायरी चढतो तेच मुळात अगदी टेकीला आल्यावर, त्यामुळे नंतर काही न करताही स्कोअर थोडा उतरतोच. टी-टेस्ट फरक पडला एवढंच सांगते, कशाने पडला ते नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेलांच्या टीमने हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम या नैराश्यावरच्या समुपदेशनाची ट्रायल केली, २०१७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. पीएचक्यू-९ वर १४ च्या वर असलेलेच लोक घेतले. तीन महिन्यांनी समुपदेशनवाले ६४ टक्के सावरले, पण ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्यातलेही ३९ टक्के सावरले होते! हा दुसरा आकडा तुझ्याकडे नाहीच ना. शिवाय तिथे मोजणाऱ्यांना कोण कुठल्या गटात ते माहीत नव्हतं. तुझ्याकडे सेशन घेणारी तू आणि फॉर्म भरून घेणारी पण तूच, मावशींना तुझं मन मोडवणार आहे का?
नवा ग्रुप आणू नकोस. पायलट, म्हणजे छोटा प्राथमिक अभ्यास, म्हण, 'समुपदेशनामुळे' हा शब्द काढ, आणि कितीजणींचा स्कोअर ५ किंवा जास्त उतरला, किती १० च्या खाली आल्या ते मोजून दे, नुसत्या सरासरीपेक्षा ते बरं.

सुलभाताई_समुपदेशक:
थकव्याची टिक चूक नाही, फॉर्म कारण विचारतच नाही, फक्त गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस एवढंच विचारतो. पण टिक मावशींनी करायची, तू नाही. लिहिता येत नसेल तर चारही पर्याय वाचून दाखव आणि त्या बोलतील तिथे खूण कर, कांद्याचं समासात लिहून ठेव, चर्चेच्या प्रकरणात तेच कामाला येईल.
माझा प्रश्न वेगळाच आहे. नवव्या प्रश्नाला, मरून जावं वाटतं का तो, कुणी शून्य सोडून काही लिहिलंय का? तो टोटलमध्ये मिसळून सोडायचा नसतो बाळा, त्याच दिवशी बघायचा असतो.

मनवा_एमए२:
ताई, दोघींनी १ लिहिलंय. एकीशी तेव्हाच बोलले होते. दुसरीची टोटल ८ होती, सौम्य म्हणून फॉर्म फाइलला लावला...

सुलभाताई_समुपदेशक:
टोटल ८ असू दे नाहीतर २. आत्ता फोन लाव, गाईडला कळव, आणि त्या बाईंना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ दे, मराठीत बोलता येतं. डिझर्टेशन उद्या.

मनवा_एमए२:
उचलत नाहीयेत. मॅडमना सांगितलंय, आम्ही दोघी निघतोय.