स्पायडर बॉल पायथनचे डोके डुलणे : निगा सुधारली म्हणजे दोष गेला का?

मेघना_लेस्टर
माझ्याकडे सहा वर्षांपासून स्पायडर मॉर्फची (मॉर्फ म्हणजे पैदाशीतून टिकवलेले आनुवंशिक रंगरूप) एक बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतल्या लहान अजगराची मादी आहे. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा असलेला हा मॉर्फ १९९९ मध्ये आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या एका सापापासून पसरला, आणि त्या रंगाबरोबरच डोके डुलणे, मान पिळवटणे, भक्ष्यावरचा नेम चुकणे हा ‘वॉबल’ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. एका पैदासकाराने मला सांगितले, की ताण नसेल तर वॉबल नसतो आणि दोष सापात नसून पाळणाऱ्यात असतो. हे मला मान्य नाही.

घर बदलले त्या आठवड्यात थर्मोस्टॅट बिघडून टबची उबदार बाजू ३६ अंशांवर गेली होती. तेव्हा तिचे डोके मागे वळत वळत पार पाठीला टेकत असे. तापमान ३२ अंशांवर आणून, अंग दोन्ही बाजूंनी टेकेल अशा लपायच्या दोन जागा दिल्यावर काही दिवसांत ती शांत झाली. पण आजही उंदराचा वास आला, की चिमट्यापासून वीतभर अंतरावर तिचा नेम चुकतो आणि ती टबच्या भिंतीवर आदळते. त्या क्षणी तिला कसला ताण असतो? भूक असते, एवढेच. म्हणून माझे मत असे, की आहेत ते साप जिवापाड जपावेत, पण नवी पैदास थांबवावी.

रॅकवाला_जर्सी
मेघनाताई, आपण निगा उत्तम ठेवता हे दिसतेच. पण निष्कर्ष घाईचा वाटतो. माझ्याकडचे स्पायडर नियमित खातात, वेळेवर कात टाकतात, माद्या अंडी घालतात. बॉल पायथन ताणाखाली सर्वांत आधी अन्न सोडतो, महिनोन्‌महिने उपाशी राहतो, हे आपल्याला ठाऊक आहे. जो प्राणी जंगलात दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात वेटोळे घालून काढतो, त्याचे डोके थोडे हलले म्हणून तो दुःखी आहे असे ठरवणे म्हणजे माणसाची मोजपट्टी सापाला लावणे आहे. एकाला तीव्र आणि त्याच्याच भावंडाला नगण्य वॉबल असतो. मग सगळ्यांना एकाच मापाने का मोजावे?

डॉ_सरीसृप
मी पशुवैद्य आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पायडर सापांच्या आतल्या कानाचे सूक्ष्म सीटी स्कॅन केले गेले, तेव्हा तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांना लागून असलेल्या पिशव्या विकृत आढळल्या. हा घडणीतलाच दोष आहे. उष्णता, आर्द्रता किंवा आडोसा यांनी कान पुन्हा घडत नाही. निगेमुळे बदलते ते एवढेच, की त्या सदोष कानावर किती भार पडतो. मात्र प्रत्येक डुलण्याचे खापर जनुकावर फोडू नये. अतिउष्णता, गोचिडांसाठी फवारलेले कीटकनाशक आणि पायथनमध्ये वेगाने बळावणारा इन्क्लुजन बॉडी डिसीज हा विषाणूजन्य आजार यांतही तशीच लक्षणे दिसतात. लक्षणे अचानक वाढली तर आधी तापमान मोजावे, मग साप डॉक्टरांना दाखवावा.

मेघना_लेस्टर
डॉक्टर, आभारी आहे. रॅकवाले दादा, आपल्या मुद्द्यातच मला सर्वांत मोठी अडचण दिसते. अंधाऱ्या, अरुंद, उबदार टबमध्ये साप शांत पडून राहतो, म्हणून वॉबल दिसत नाही; याचा अर्थ उत्तम निगा तो दोष झाकते. विकत घेणारा पाच मिनिटे साप पाहतो, घरी नेतो, आणि पहिल्यांदा अन्न देताना त्याला खरे काय ते कळते. शिवाय सौम्य पालकांच्या पोटी तीव्र पिलू येते, त्यामुळे ‘सौम्य निवडून पैदास करू’ हा मार्गही इतक्या वर्षांत कुठे पोचलेला नाही. स्पायडर जनुकाची एकच प्रत पुरत असल्याने साध्या जोडीदाराशी जुळवले तरी सरासरी निम्मी पिले स्पायडर निघतात, म्हणजे आपण तो दोष जाणूनबुजून पुढे पाठवतो. इथे ब्रिटनमध्ये इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटी या सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या संस्थेने आपल्या प्रदर्शनांत स्पायडरच्या विक्रीवर बंदी घातली, ती मला योग्य वाटते.

रॅकवाला_जर्सी
झाकण्याचा मुद्दा मी मान्य करतो. विकताना सापाचा अन्न घेतानाचा व्हिडिओ दिलाच पाहिजे. मी यापुढे देईन. पैदास पूर्ण थांबवावी यावर मात्र आपले मत जुळणार नाही. उडी मारून खाण्याची गरजच ठेवली नाही, तर अडचण उरते कुठे? मी उंदीर सपाट झाकणावर ठेवून निघून जातो.

मेघना_लेस्टर
मीही कालपासून तसेच करून पाहते आहे. काल तिने चार वेळा झाकणाच्या कडेला तोंड आपटले आणि पाचव्यांदा उंदीर पकडला, तोही शेपटीकडून.