तळपायाची रिफ्लेक्सॉलॉजी घरी: दाब कसा द्यायचा, किती द्यायचा, कोणाला देऊ नये

मृण्मयी:
घरच्यांसाठी रिफ्लेक्सॉलॉजी शिकायची आहे, म्हणजे तळपायावरच्या ज्या जागा शरीराच्या निरनिराळ्या भागांच्या मानतात तिथे अंगठ्याने दाब द्यायची पद्धत. तळपायाचा रंगीत तक्ता मिळाला, पण अंगठा नेमका कसा चालवायचा, तेल लावायचं का, एका पायाला किती वेळ द्यायचा, हे त्यावरून कळत नाही. सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे आणि तळपायांना मुंग्या येतात. त्यांना केलं तर चालेल का? आणि काशाच्या वाटीने घासल्यावर जे काळं निघतं ती खरंच उष्णता असते का?

शिरीष:
तक्ता पाठ करायची गरज नाही, मांडणी समजली की पुरे. विल्यम फिट्झजेराल्ड या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने शरीराचे डोक्यापासून पायांपर्यंत दहा उभे पट्टे कल्पले, त्यावरचं त्याचं पुस्तक १९१७चं. पुढे १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम यांनी त्यावरून तळपायाचा नकाशा केला. बोटं म्हणजे डोकं, चवडा म्हणजे छाती, कमान म्हणजे पोट आणि मूत्रपिंडं, टाच म्हणजे ओटीपोट, पावलाची आतली कड म्हणजे पाठीचा कणा.

आता हात. नखं अगदी बारीक कापा. तेल नको, अंगठा घसरतो आणि दाब नेमका राहत नाही. चिमूटभर पावडर पुरते.

एका हाताने पायाची बोटं हलकेच मागे धरा म्हणजे तळवा ताणलेला राहतो. दुसऱ्या हाताची चार बोटं पावलाच्या वरच्या बाजूला टेकवा. अंगठा पहिल्या पेरात वाकवायचा, किंचित सरळ करायचा, पुन्हा वाकवायचा. सुरवंट चालतो तसा तो एकेक दोन मिलिमीटर पुढे सरकला पाहिजे. फक्त पुढेच. मागे ओढलात तर कातडी खेचली जाते.

आधी पाच मिनिटं घोटा फिरवून पाऊल सैल करा. मग टाचेकडून प्रत्येक बोटाकडे एक अशा पाच उभ्या रेषा, नंतर चवड्यावर आणि कमानीवर आडव्या. एका पायाला पंधरा मिनिटं भरपूर झाली. शेवटी चवड्याखालच्या खळगीत अंगठा टेकवून ठेवा आणि समोरच्याला तीन-चार संथ श्वास घेऊ द्या.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे अंगठा ताठ ठेवून खांद्याचा जोर लावणं. त्याने स्वतःच्याच अंगठ्याच्या मुळाशी कळ बसते. दुसरी चूक, दुखरी जागा सापडली की तिथेच रगडत राहणं. दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाय काळानिळा दिसेल.

अनघा:
सासूबाईंच्या बाबतीत मात्र थांबा. मधुमेहात मुंग्या येणं म्हणजे पायाच्या नसांना इजा झालेली असू शकते. मग ‘दुखलं की सांगा’ या नियमावर विसंबता येत नाही, कारण त्यांना दुखलेलं कळेलच असं नाही. आधी डॉक्टरांकडून मोनोफिलामेंटची चाचणी करून घ्या. १० ग्रॅम दाबाचा एक बारीक नायलॉनचा धागा तळव्यावर टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात. शिवाय मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं, त्यानेही मुंग्या येतात. रक्ततपासणीत ते बघायला सांगा.

संवेदना शाबूत असली तरी हात लावण्यापूर्वी रोज पाय उजेडात तपासा: भेगा, कुरूप, फोड, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या. काहीही दिसलं तर त्या दिवशी नको. लाकडी काठी, रोलर, काटेरी अॅक्युप्रेशर चपला त्यांना कधीच देऊ नका. त्यांच्या नकळत झालेल्या जखमेतून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. गरम पाण्यात पाय बुडवायचे असतील तर पाणी तुमच्या कोपराने तपासा, त्यांच्या पायाने नाही.

बाकी कोणालाही एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर पाय चोळू नका, लगेच डॉक्टर गाठा. शिरेत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताजं फ्रॅक्चर, ताप, गाउटचा (युरिक अॅसिडमुळे सांधा सुजून दुखण्याचा) झटका असतानाही नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी विचारून घ्या.

नंदिनी:
वाटीबद्दल: कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप किंवा तेल लावून घासताना धातूचे बारीक कण सुटतात, स्निग्धातल्या आम्लांशी त्यांची क्रिया होते, त्याचं ते काळं. शरीरातली उष्णता नव्हे. पण म्हणून वाटी वाईट ठरत नाही. रात्री दहा मिनिटं घासून घेतलं की छान सैल वाटतं, फक्त नंतर पाय साबणाने धुवा.

रिफ्लेक्सॉलॉजीचंही तसंच. तळव्यावरचा ठिपका आणि आतला अवयव यांना जोडणारी अशी मज्जावाट शरीरशास्त्रात सापडलेली नाही. २००९ साली एडझार्ड अर्न्स्ट यांनी १८ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात कुठल्याही आजारावर तिचा खात्रीचा उपयोग दिसला नाही. विश्रांतीसाठी जरूर करा. गोळ्या मात्र हिच्या भरवशावर बंद करू नका.

मृण्मयी:
सासूबाईंची चाचणी आधी करून घेते. एक शंका राहिली. माझ्या नवऱ्याच्या टाचेच्या आतल्या बाजूला दाबलं की जोराची कळ येते. तक्त्यात तिथे ओटीपोट आहे. काळजीचं आहे का?

अनघा:
तक्त्यावरून निदान करू नका. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना तिथेच दुखतं का, ते विचारा. तसं असेल तर बहुधा तळव्याचा पडदा टाचेला जिथे जोडलेला असतो तिथे दुखावलाय, प्लांटर फॅसायटिस म्हणतात ते. तिथे अंगठा रोवू नका. पोटरीचे ताण द्या: भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीवर, तीस सेकंद, तीनदा, सकाळ-संध्याकाळ. घरातही मऊ चप्पल वापरू द्या, गार फरशीवर अनवाणी नको.