मदत हवी आहे: सोन्याची देवळं आणि गुरुद्वारे, दिवाळीनंतर

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकरोडचे. आईला यंदा 'श्रीमंत देवांकडे' जायचंय (शब्द तिचाच). शिर्डी, वणी नेहमीचंच, त्यामुळे जरा लांबचा बेत आहे.

आधी नांदेडचा हुजूर साहिब. तपोवन एक्सप्रेस इथूनच मिळते. मग अमृतसर. सचखंड एक्सप्रेस नांदेडहून थेट जाते, पण मनमाडलाही थांबते. म्हणून प्रश्न असा, की नांदेड वेगळं उरकून घरी यावं आणि नंतर मनमाडहून बसावं, की एका दमात सगळं करावं? आईचे गुडघे दुखतात. हरमंदिर साहिबला (अमृतसरच्या सुवर्णमंदिराला) सोन्याचा मुलामा महाराजा रणजितसिंहांच्या काळातला, नांदेडचं बांधकामही त्यांनीच करवलेलं, त्यामुळे दोन्ही लागोपाठ बघावं असं मला वाटतं. अमृतसरला रात्री गुरु ग्रंथ साहिबची पालखी समोरच्या अकाल तख्ताकडे नेतात, ती जवळून बघायला किती आधी जाऊन थांबावं लागतं? थंडीत संगमरवरावर अनवाणी चालणं ज्येष्ठांना झेपतं का? तिथल्या सराईत खोली मिळते की हॉटेलच बरं?

तिरुपती पुढच्या वर्षी. पण तिरुवनंतपुरमचं पद्मनाभस्वामी डोक्यात आहे. 2011 साली तळघरं उघडली तेव्हापासून आई त्याबद्दल बोलते. खजिना दिसत नाही, हे तिला सांगून झालंय! शेषशायी मूर्ती तीन दारांतून टप्प्याटप्प्याने दिसते, मला तेच बघायचंय. पुरुषांना मुंडू (केरळी धोतर) नेसून उघड्या अंगाने जावं लागतं. आपलं साधं पांढरं धोतर चालतं का?

अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. 'गूगल करा' नको.