अनुभव धागा : बाळाचे कापडी लंगोट आणि डायपर. किती लागतात, कसे धुवायचे, कुठे बिघडतं?

बाळंतविड्यात झबली-टोपडी ढिगाने जमतात, पण लंगोट किती शिवून ठेवायचे आणि कापडी डायपर घ्यायचे तर कोणते, याचं नेमकं उत्तर मिळत नाही. हा धागा त्यासाठी. ज्यांनी शिवले, धुतले, वाळवले, पाळणाघरात हाताळले त्या सगळ्यांनी लिहा. 'खूप छान आहेत' एवढ्यावर थांबू नका. संख्या, मापं, धुण्याची रीत, आणि गळती, वास, पुरळ यांची कारणं हवी आहेत.

संख्येपासून सुरुवात करते. पहिल्या महिन्यात दिवस-रात्र मिळून दहा-बारा वेळा बदलावं लागतं. रोज धुणार असाल तर 24 ते 30 लंगोट पुरतात. पावसाळ्यातलं बाळंतपण असेल तर 40 धरा. इलॅस्टिकचे कापडी डायपर एक दिवसाआड धुवायचे तर 18 ते 20. पण सगळे एकदम घेऊ नका. आधी वेगवेगळ्या प्रकारचे दोन-तीन घ्या, मांडीला कोणता बसतो ते बघा, मग बाकीचे. 'फ्री साइज'च्या लेबलवर तीन किलोपासून असं लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात बाळ साडेचार-पाच किलोचं होईपर्यंत मांडीजवळ फट राहते. म्हणून पहिले सहा ते आठ आठवडे लंगोटच बरे.

शिवणकाम करणारी, सातारा

लंगोटाचं कापड जुनं असावं असं आजी सांगते, त्याला कारण आहे. नव्या कापडात खळ असते आणि ती पाणी लोटते. वापरून मऊ झालेल्या सुती साडीतली, धोतरातली खळ कधीच निघून गेलेली असते. नवं मलमल घेतलं तर निदान चार-पाच वेळा धुऊन मग कापा. साडी खरंच सुती आहे का हे बघायला तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर त्यात पॉलिस्टर आहे, लंगोटाला उपयोग नाही. लगेच जिरून पसरला तर घ्या.

माप : 60 सेंमीचा चौकोन, कर्णात दुमडून त्रिकोण. लांब बाजू साधारण 85 सेंमी होते आणि कापड आपोआप दुहेरी होतं. लांब बाजू कमरेखाली, टोक पायांमधून वर, दोन्ही कोपरे पोटावर आणून सैल गाठ. कडेची तुरपाई बारीक, आणि दुमडलेली बाजू बाहेर. जाड शिवण जांघेत आली की तिथेच लाल होतं. नाडीचे शिवत असाल तर नाडी गाठीपुरतीच ठेवा. धुतल्यावर लोंबणारे धागे कापून टाका. सुटा धागा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. सेफ्टी पिन नकोच.

निवृत्त परिचारिका, नाशिक

वरच्या मापात एक भर. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले एक ते दोन आठवडे, लंगोटाची वरची कड पाच-सहा सेंमी खाली दुमडा म्हणजे बेंबी उघडी राहील. ओलं कापड नाळेवर आलं की ती वाळायला वेळ लागतो.

पहिले दोन-तीन दिवस शी काळी, डांबरासारखी चिकट असते. तिचे डाग निघत नाहीत, त्या दिवसांसाठी अगदी जुनी फडकी ठेवा. ढुंगणाला खोबरेल तेलाचा हलका हात दिला तर पुसणं सोपं जातं.

पांढऱ्या लंगोटाचा एक मोठा फायदा असा की शू दिसते. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट म्हणजे दूध पुरतंय. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी रंगाची बारीक पूड दिसते, बोट फिरवलं तर भुकटीसारखी लागते. बरेच जण रक्त समजून घाबरतात. ते युरेटचे (लघवीतल्या क्षाराचे) कण असतात, दूध वाढलं की जातात. चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिले तर अंगावरचं दूध पुरतंय का ते डॉक्टरांना दाखवा.

आणि पाय ओढून, सरळ करून दुपट्यात घट्ट बांधू नका. बाळाचे पाय गुडघ्यात वाकलेले आणि फाकलेले राहिले पाहिजेत, त्याने खुबा सांध्यात नीट बसतो. कमरेवर सैल दुपटं चालेल. लंगोटाचं कापड मांड्यांमध्ये जाड होतं, त्याची काळजी करायचं कारण नाही.

पॉकेट डायपर वापरणारी, ठाणे

कापडी डायपरमध्ये दोन वेगळी कामं असतात. बाहेरचं पीयूएलचं (प्लास्टिकचा पातळ थर बसवलेल्या कापडाचं) कव्हर फक्त अडवतं, शोषायचं काम आतलं पॅड करतं. गळती झाली की लोक कव्हर बदलतात, दोष बहुतेक वेळा पॅडचा किंवा बसवण्याचा असतो.

पॅडचे प्रकार : मायक्रोफायबर (बारीक कृत्रिम धाग्याचं कापड) झटकन शोषतं, पण दाबलं की सोडतं. बाळ मांडीवर बसलं की कडेने पाणी येतं ते यामुळे. शिवाय ते त्वचेतला ओलावाही ओढून घेतं, म्हणून थेट अंगाला लावू नका, पॉकेटच्या, म्हणजे डायपरमधल्या खिशाच्या, आतच घाला. सुती आणि बांबूचं मधलं. हेम्प (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड) सावकाश शोषतं पण धरून ठेवतं. रात्रीसाठी वर सुती किंवा बांबू, खाली हेम्प असा क्रम ठेवा. उलट केलं तर पहिल्या धारेलाच कड भिजते. मुलगा असेल तर जास्तीची घडी पुढे, मुलगी असेल तर मध्यभागी.

बसवताना इलॅस्टिक मांडीवर नको, जांघेच्या घडीत गेलं पाहिजे, चड्डीची रेघ असते तिथे. कमरेत दोन बोटं जावीत. मग बोट फिरवून बघा, पॅडचा एखादा कोपरा कव्हरबाहेर डोकावतोय का. सुपारीएवढा तुकडा बाहेर राहिला तरी तो वातीसारखं काम करतो आणि झबलं गळ्यापर्यंत ओलं होतं. गळतंय म्हणून टिचबटण आणखी घट्ट लावणं चुकीचं. त्याने पॅड पिळलं जाऊन जास्तच गळतं आणि मांडीवर वळ उठतात.

बोअरचं पाणी वापरणारे, लातूर

धुण्यावर सविस्तर लिहितो, कारण कापडी डायपर बंद पडतात ते इथेच.

शी असेल ती आधी संडासात. नुसत्या अंगावरच्या दुधावर असेपर्यंतची शी पाण्यात विरघळते. वरचं अन्न सुरू झालं की जेट स्प्रेने पाडावी लागते. हे काम घरकामाच्या ताईंवर टाकू नये, घरच्यांनीच करावं. मग झाकण नसलेल्या, भोकं असलेल्या टोपलीत कोरडं ठेवायचं. बादलीत रात्रभर भिजत घालू नका, जंतू वाढतात आणि इलॅस्टिक सैल पडतं. दोन दिवसांपेक्षा जास्त साठवूही नका.

धुणं दोन टप्प्यांत. पहिलं गार पाण्यात, थोड्या पावडरीने, शू काढून टाकण्यासाठी. ते पाणी सोडून द्या. दुसरं मोठं धुणं गरम पाण्यात : सुती पॅड आणि लंगोट 60 अंशांवर, पीयूएलचं कव्हर 40 वर. पावडर मळक्या कपड्यांना घालतो तेवढी पूर्ण. बाळाचे कपडे म्हणून चिमूटभर घालणं ही सर्वांत मोठी चूक; शू कापडातच राहते. मशीनचा ड्रम पाऊण भरा. जास्त भरला तर कपडे एकमेकांवर घासत नाहीत, अगदी कमी असतील तर नुसते तरंगतात. सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर बसून पॅड पाणी घेईनासं होतं. जंतुनाशक द्रवाचीही गरज नसते.

आता जड पाणी. फेस येत नसेल, बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका होतो, तो धाग्यात अडकतो. खूण अशी : पॅड वाळल्यावर वास नाही, पण बाळाने शू केल्याबरोबर डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास. उपाय म्हणून साबणाची वडी बंद, डिटर्जंट पावडर सुरू, आणि मोठ्या धुण्यात बादलीला दोन चमचे धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा नव्हे, तो इथे पुरा पडत नाही. साका आधीच साठला असेल तर फक्त पॅड कडक गरम पाण्यात सोडा आणि पावडर घालून चार-पाच तास ठेवा, मग नेहमीसारखं धुऊन फेस जाईपर्यंत खळबळा. पाणी गढूळ करडं होतं, ते बघूनच कळतं किती अडकलं होतं. कव्हर मात्र उकळू नका, आतला पातळ थर सुटतो. व्हिनेगरने इलॅस्टिक जातं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

रत्नागिरी

जून ते सप्टेंबर इकडे काहीच वाळत नाही, त्यामुळे कोणतं पॅड किती वेळात वाळतं हे घ्यायच्या आधीच बघावं. दुहेरी मलमलचा लंगोट पंख्याखाली काही तासांत वाळतो. एकत्र शिवलेलं चार-पाच पदरी बांबू किंवा हेम्प दीड दिवसानेही मध्ये गार लागतं. म्हणून घडी उलगडणारी पॅडच घ्या. चौकोनी मलमल घडी करून कव्हरमध्ये घातलं तरी काम तेच होतं. मशीनमध्ये पाणी पिळायचं चक्र दोनदा चालवा. वाळलं असं वाटलं की पॅड गालाला लावून बघा, हाताला न कळलेला ओलावा गालाला कळतो. उरलेला दमटपणा इस्त्रीने काढा, पण फक्त सुती कापडाचा. मायक्रोफायबर आणि कव्हरला इस्त्री नाही. दमट घडी करून ठेवली तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

शेगडीवर धुरी देऊन लंगोट वाळवायची रीत अजून आहे. बंद खोलीतला धूर तान्ह्या फुप्फुसांना बाधतो, तेव्हा इस्त्री करा पण धुरी टाळा.

उघडीप मिळाली की ओले डागाळलेले लंगोट उन्हात घाला. पिवळे डाग ऊनच काढतं.

परिचारिकाबाई पुन्हा

पुरळाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. कापड कोरडं राखत नाही, ओलावा दाखवतं. दर दोन-तीन तासांनी आणि शी झाल्याबरोबर बदललं तर बहुतेक पुरळ येतच नाही. आलं तर दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवा. झिंक ऑक्साइडचं मलम लावणार असाल तर मध्ये मलमलचा सुटा तुकडा घाला, नाहीतर मलमाचा थर पॅडवर बसतो. पावडर लावू नका, ती श्वासात जाते. जांघेच्या घडीत गडद लाल चट्टा आणि भोवती सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशी. साध्या मलमाने जात नाही, डॉक्टरांना दाखवा आणि त्या दिवसांत सगळं कापड गरम पाण्यात धुऊन कडकडीत वाळवा.

पाळणाघर चालवणारी, पुणे

आमच्याकडे देताना पॅड घालून तयार डायपर द्या. सुटे भाग दिले की घाईत चुकीचे जुळतात. आठ तासांना पाच, शिवाय एक जास्तीचा. दोन चेनच्या पिशव्या, कोरड्यासाठी एक आणि वापरलेल्यांसाठी मेणकापडी. चालायला लागलेल्या मुलांना टिचबटणं बरी. वेल्क्रो ती स्वतः ओढून काढतात.

रात्री किंवा प्रवासात एकदा वापरून टाकायचे डायपर वापरत असाल तर ते कचऱ्यात वेगळे गुंडाळून द्या. आमच्याकडे कचरावेचकांची 'स्वच्छ' संस्था अशा पुडीवर लाल ठिपका काढायला सांगते, म्हणजे कचरा निवडणाऱ्या ताईंना ती हाताने उघडावी लागत नाही.

टोरोंटो

परदेशात राहणाऱ्यांसाठी. इथे सहा महिने बाहेर दोरी नाही, त्यामुळे ड्रायर लागतोच. पॅड ड्रायरमध्ये घाला, कव्हर घरात दांडीवर. हीटिंगमुळे रात्रभरात वाळतं. पर्यावरणासाठी कापडी वापरत असाल तर हे लक्षात ठेवा : ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेच्या 2008 च्या अहवालात अडीच वर्षांच्या वापराचा सरासरी कार्बनभार टाकाऊ डायपरचा सुमारे 550 किलो आणि कापडीचा 570 किलो निघाला. कापडीचा भार कमी झाला तो पूर्ण भरलेलं मशीन, दोरीवर वाळवणं आणि दुसऱ्या मुलाला तेच वापरणं यांनी.

शिवणकाम करणारी, सातारा

दुसऱ्या मुलाला वापरायचे किंवा कोणाचे घ्यायचे तर तीन गोष्टी बघा. कव्हर उजेडासमोर धरा. आतल्या थराला बुडबुडे किंवा तडे दिसले तर ते गळणार. इलॅस्टिक ताणून सोडा. कुरकुर आवाज आला किंवा ते परत आखडलं नाही तर गेलं. ते बदलता येतं : आतल्या बाजूची दोन टोकांची टीप उसवा, नवीन इलॅस्टिक जुन्याला पिनेने जोडून ओढून घ्या, दोन्ही टोकांना चार-पाच टाके. मधल्या पीयूएलवर सुई घालू नका, पडलेलं प्रत्येक भोक नंतर पाझरतं.