संमोहनाच्या जाहीर खेळांना परवाना आणि वयाची अट हवीच

वाटसरू

गणेशोत्सवात, कॉलेजच्या गॅदरिंगला, सोसायटीच्या कार्यक्रमात संमोहनाचे खेळ ठेवले जातात. दहा-पंधरा जणांना स्टेजवर बोलवायचं, खुर्चीत झोपवायचं, मग कुणाला आरवायला लावायचं, कुणाला कांदा सफरचंद म्हणून खायला द्यायचा. माझा या प्रकाराला ठाम विरोध आहे. त्या माणसाकडे काही अद्भुत शक्ती असते असं मला मुळीच वाटत नाही. शक्तीबिक्ती नसताना हे सगळं घडवता येतं, याचीच मला काळजी वाटते.

खेळाची सुरुवात नीट बघा. सगळ्या प्रेक्षकांना बोटांत बोटं गुंतवायला सांगतात आणि "आता हात सुटणार नाहीत" असं ठासून म्हणतात. ज्यांचे सुटत नाहीत ते वर जातात. वर गेल्यावरही जो ऐकत नाही त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गुपचूप खाली पाठवतात. ही चाळणी लावून झाली की उरतात सात-आठ जण. त्यांत काही पटकन तंद्रीत जाणारे असतात आणि काही चारचौघांत "नाही" म्हणायला कचरणारे. काही संमोहनकार तर माइक बाजूला धरून कानात "साथ द्या" असं सांगतात. कोण आपलं ऐकेल हे पाच मिनिटांत ओळखणं आणि मग त्याला ऐकायला लावणं, हे कसब स्टेजपुरतंच राहील याची हमी कोण देणार?

ब्रिटनने १९५२ मध्येच 'हिप्नॉटिझम ॲक्ट' केला. राल्फ स्लेटर या संमोहनकाराच्या १९४८ मधल्या ब्रायटनच्या प्रयोगात एक तरुणी स्टेजवर गेली होती. पुढे आपली मानसिक अवस्था बिघडली म्हणून तिने त्याच्यावर दावा लावला आणि तो १९५२ मध्ये खूप गाजला. त्याच वर्षी कायदा झाला. २१ वर्षांखालच्या कुणाला जाहीर खेळात संमोहित करायला बंदी आली. ही अट नंतर १८ वर आणली. आपल्याकडे मात्र नववी-दहावीच्या मुलांना शाळेच्या स्टेजवर बसवतात आणि पालक टाळ्या वाजवतात.

कडूनिंब

वाटसरू, तुमची कळकळ पोचली, पण तुम्ही संमोहनकाराला उगाच मोठं करताय.

मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स यांनी १९६५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संमोहित केलेल्या सहा जणांना विषारी साप हाताने धरायला आणि प्रयोग करणाऱ्यावर ॲसिड फेकायला सांगितलं. कुणाला इजा होणार नाही याचा बंदोबस्त अर्थातच केलेला होता. सहापैकी पाच जणांनी ऐकलं. इथपर्यंतची गोष्ट सांगून लोक थांबतात. पण आणखी सहा जणांना संमोहित न करता फक्त तसं नाटक करायला सांगितलं होतं, आणि त्या सहाच्या सहा जणांनी तेच केलं! एवढे शिकलेले लोक आपल्याला खरोखर धोक्यात घालणार नाहीत, असा त्यांचा विश्वास होता. मग यात तंद्रीचा वाटा किती?

पॉल मॅकेना या ब्रिटिश संमोहनकाराच्या खेळात भाग घेतल्यानंतर आपल्याला स्किझोफ्रेनिया झाला, असा दावा एकाने केला होता. लंडनच्या हायकोर्टाने १९९८ मध्ये तो फेटाळला. खेळानंतर लगेच आजार दिसला म्हणजे खेळामुळेच झाला, असं होत नाही. सज्ञान माणूस स्वतःच्या पायांनी स्टेजवर जातो, हसतो, हसवतो. त्यात सरकार कशाला हवं?

आजोळ

"स्वतःच्या पायांनी जातो" यावर मला बोलायचंय.

मी ज्युनियर कॉलेजला शिकवते. आमच्याकडे गॅदरिंगला असा खेळ झाला होता. अकरावीची एक अबोल मुलगी मैत्रिणींनी ढकलून वर पाठवली. तिला सांगितलं, तुझ्या हातात बाळ आहे, त्याला झोपव. ती ओढणीत हात गुंडाळून थोपटत बसली. मग तो म्हणाला, "बाळ हरवलं." मुलगी खुर्चीखाली वाकून शोधायला लागली, पडद्यामागे गेली, रडायला लागली. हॉल शिट्ट्यांनी दणाणला. त्याने चुटकी वाजवून "जागी हो" म्हटलं आणि पुढचा खेळ सुरू केला. ती खाली आली तेव्हा तिच्या हाताला कंप होता, आणि तिला जवळ घ्यायला मागच्या रांगेतली एक शिपाई मावशी सोडून कुणी उठलं नाही. पुढे महिनाभर पोरं तिला बघून बाळ थोपटल्याची नक्कल करत होती.

ती खरोखर संमोहित होती की लाजेपोटी करत होती, मला सांगता येणार नाही. कडूनिंब, त्याने फरक काय पडतो ते तुम्ही सांगा.

ब्रिटनच्या गृहखात्याने या खेळांसाठी नमुना अटी काढल्या आहेत. त्यांत काहीतरी हरवल्याची सूचना द्यायला मनाई आहे, वय मागे नेऊन लहान मूल करायला मनाई आहे, आणि खेळ संपल्यावर संमोहनकाराने किमान अर्धा तास तिथे थांबलं पाहिजे असंही आहे. आमच्याकडचा माणूस पाकीट घेऊन दहा मिनिटांत रिक्षात बसला होता.

रानवारा

दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवण्याचा विषय निघालाच आहे तर कोपनहेगनची केस आठवा. मार्च १९५१ मध्ये पाले हार्ड्रुप नावाच्या माणसाने बँक लुटताना दोन कर्मचाऱ्यांना गोळ्या घातल्या. तपासात ब्योर्न नील्सन या त्याच्या तुरुंगातल्या जुन्या सोबत्याचं नाव पुढे आलं. हॉर्सेन्सच्या तुरुंगात तो हार्ड्रुपला वर्षानुवर्षं संमोहित करत होता, 'एक्स' नावाच्या रक्षक आत्म्याचे आदेश म्हणून आपल्या आज्ञा त्याच्या मनात भरत होता, असं मनोविकारतज्ज्ञ पॉल रायटर यांचं म्हणणं पडलं. १९५४ मध्ये नील्सनला जन्मठेप झाली. गोळी झाडायला तो तिथे नव्हताही!

कडूनिंब

रानवारा, पुढचंही सांगा ना. हार्ड्रुपने १९७२ मध्ये स्वतःच सांगितलं की संमोहनाची गोष्ट खरी नव्हती. म्हणूनच मला हा युक्तिवाद धोक्याचा वाटतो: ज्याने गोळी झाडली त्याला पळवाट मिळते. १८९० मध्ये पॅरिसला गाब्रिएल बोंपार हिने खुनाच्या खटल्यात हेच सांगून पाहिलं होतं. फ्रान्सच्या नान्सी शहरातल्या संमोहन-पंथाचे कायद्याचे प्राध्यापक लिएज्वा तिच्या बाजूने तासन् तास बोलले. कोर्टाने ऐकलं नाही आणि तिला २० वर्षांची शिक्षा दिली. योग्यच केलं.

आपल्याकडेही भरदिवसा आजींना "संमोहित करून" दागिने लुटल्याच्या बातम्या येतात. त्यात बहुतेक वेळा तोतया पोलीस असतो, "पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात ठेवा" असं दरडावतो आणि हातचलाखी करतो. संमोहन म्हटलं की पोलिसांनाही सोपं जातं आणि चोरालाही.

आजोळ

चोरी हातचलाखीचीच असते, मान्य. पण त्या आजी पोलीस म्हटल्यावर का गप्प होतात? वर्दीचा, वयाचा, "मी सांगतो ते ऐका" या आवाजाचा धाक. माझ्या विद्यार्थिनीवर तोच धाक होता, वर सहाशे लोकांच्या शिट्ट्या. ऑर्नच्या प्रयोगाचा तुम्ही लावलेला अर्थ माझ्याच बाजूचा आहे: तंद्री नसतानाही माणूस ऐकतो. मग ऐकायला लावणाऱ्यावर बंधन नको?

आणि बंद खोलीतलं तर याहून वाईट. अमेरिकेत ओहायोमधला एक वकील महिला अशिलांना सल्लामसलतीच्या नावाखाली संमोहित करून त्यांचं लैंगिक शोषण करत होता. भेटीतलं काहीच आठवत नाही म्हणून एकीला संशय आला, तिने संभाषण रेकॉर्ड केलं आणि पोलिसांत गेली. २०१६ मध्ये त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. त्या बायकांनाही "तू स्वतःच्या पायांनी गेलीस" म्हणायचं का?

कडूनिंब

आजोळताई, तसं मी कधीच म्हणणार नाही. तो गुन्हाच आहे आणि शिक्षा कमीच झाली. पण त्यासाठी आहेत ते कायदे पुरले. वयाची अट घाला, माझा पाठिंबा आहे. शाळा-कॉलेजात तर हा खेळ नकोच. परवान्याला मात्र माझा कडाडून विरोध राहील. "शासनमान्य संमोहनतज्ज्ञ" अशी पाटी लावून हेच लोक उद्या व्यसनमुक्ती, वशीकरण, परीक्षेत यश असली दुकानं थाटतील. ज्या धाकाबद्दल तुम्ही बोलताय, त्यावर सरकारी शिक्का बसेल.

वाटसरू

हा मुद्दा खरंच महत्त्वाचा आहे, पण त्यावर ब्रिटनच्या कायद्यात उत्तर आहे. तिथे माणसाला संमोहनतज्ज्ञ म्हणून मान्यता मिळत नाही. परवानगी त्या जागेला आणि त्या खेळाला, अटींसकट मिळते, आणि ती स्थानिक प्रशासन देतं. उपचार आणि संशोधन कायद्यातून वगळलेलं आहे, त्यामुळे डॉक्टरांची अडचण होत नाही.

आपल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे खेळ येत नाहीत, आणि त्यात ते कोंबायची गरजही नाही. मंडळं मंडपासाठी महापालिकेची आणि स्पीकरसाठी पोलिसांची परवानगी घेतातच. त्याच अर्जात चार ओळी वाढवा: १८ च्या आतला कुणी स्टेजवर नाही, हरवल्याच्या, भीतीच्या किंवा अंगलट येणाऱ्या सूचना नाहीत, खेळ मध्येच सोडून जायची मुभा सुरुवातीलाच जाहीर करायची, आणि संपल्यावर अर्धा तास थांबायचं. सही मंडळाच्या अध्यक्षाची. आमच्या वॉर्डातल्या मंडळांना द्यायला मी मसुदा करतोय. आजोळताई, कॉलेजसाठी काय वेगळं लागेल ते लिहा. कडूनिंब, कुठल्या वाक्यातून सरकारी शिक्क्याचा वास येतो ते तुम्हीच तपासून द्या.