डोळ्यांवरची सूज ॲलर्जीचीच असते असं नाही

वर एका ताईंनी लिहिलंय की मुलाचा नेफ्रोटिक सिंड्रोम (किडनीतून लघवीवाटे प्रथिनं जाऊन अंगावर सूज येण्याचा आजार) ॲलर्जीमुळेच झाला, म्हणून त्यांनी दूध-गहू बंद केलं. संबंध आहे, हे खरं. अशा लेकरांत दमा, इसब, सारख्या शिंका जास्त आढळतात, रक्तातलं आयजीईही (ॲलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड) बऱ्याचदा वाढलेलं असतं. पण ॲलर्जी हेच कारण, असं सिद्ध झालेलं नाही. ताई, वाढत्या लेकराचं दूध डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नका.

मला जास्त काळजी याच्या अगदी उलट होणाऱ्या चुकीची वाटते. आमच्या लातूर-बीडकडे तुरीच्या राशी सुरू झाल्या की धुळीनं घरोघरी डोळे चुरचुरतात. मग लेकरू सकाळी पापण्या सुजलेल्या घेऊन उठलं तरी ॲलर्जीचंच औषध देतात. ॲलर्जीत डोळे खाजतात, लाल होतात. किडनीच्या सुजेत सहसा खाज नसते. सकाळी ती डोळ्यांवर दिसते, दिवसभरात पायांवर उतरते, लघवीला फेस येतो. असं दिसलं की आधी लघवीतली प्रथिनं तपासून घ्या, साधी पट्टीची तपासणी आहे.

नेफ्रोटिक एकदा झालेल्या लेकराला सर्दी-पडसं झालं की रोज सकाळी ती पट्टी बघायचीच. सलग 3 दिवस पट्टीवर 3+ (म्हणजे लघवीत खूप प्रथिनं) आलं तर आजार उलटला समजून लगेच डॉक्टरांना गाठा. आणि सूज उतरली म्हणून या आजारावर डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मनानं बंद करू नका.